नाडी लागते, पण बोटं ऐकत नाहीत

निपाणीच्या एक मावशी माझ्याकडे आल्या त्या अँजिओग्राफीनंतर अकराव्या दिवशी. आयुष्यभर विड्या वळलेल्या. पानाचा तुकडा, चिमूटभर तंबाखू, गुंडाळी, दोरा. सगळं न बघता व्हायचं. आता अंगठा आणि पहिलं बोट जुळवून गोल करा म्हटलं तर गोल होईना. बोटांची टोकं वाकायचीच नाहीत, पेरं चपटी होऊन नुसती टेकायची. कोपराच्या आतल्या बाजूला पिवळा पडत चाललेला रक्ताचा डाग. "त्या रात्रीच सांगितलं होतं की ओ, बोटं झोपल्यागत झाल्यात म्हणून," मावशी म्हणाल्या. मनगटातली धमनी वाकडी निघाली म्हणून कोपरातून सुई घातली होती. रात्री मुलानं बोटाला ऑक्सिमीटर लावला, आकडा ९८. मनगटात नाडीही लागत होती. मग घरच्यांनी आणि ड्यूटीवरच्यांनी मिळून ठरवलं की रक्त चालू आहे म्हणजे हात ठीक आहे, सकाळपर्यंत उतरेल.

उतरलं नाही, म्हणून त्या माझ्याकडे.

मी बेळगावात फिजिओथेरपी करतो. असे हात वर्षाकाठी मोजकेच येतात, पण जे येतात ते बहुतेक उशिरा. धमनीत सुई घातल्यावर आत रक्त साठून हाताची नर्व्ह दाबली जाणं क्वचित घडतं, हे आधीच सांगून टाकतो. मनगटातून केलेली अँजिओग्राफी मांडीतून केलेल्यापेक्षा रक्तस्रावाच्या बाबतीत सुरक्षितच असते. हा लेख वाचून कुणी तपासणी टाळली, तर लेख लिहून मी चूक केली असं होईल. लिहितोय ते रात्री पेशंटच्या उशाशी बसणाऱ्या माणसासाठी.

आधी शब्दांचा घोळ

आपण 'नस' म्हणतो ती कुठली? रक्त काढताना सापडत नाही तीही नस, आणि 'मानेत नस दबली' म्हणतो तीही नस. वॉर्डात हा घोळ महागात पडतो. पेशंट म्हणतो, "नस दबल्यासारखी वाटते." सिस्टर शीर बघते, सलाईन नीट चाललंय ना बघते, आणि निघून जाते. म्हणून इथे मी रक्त नेणाऱ्या नळीला धमनी किंवा शीर म्हणतो, आणि स्पर्श व हालचाल नेणाऱ्या दोरीला मज्जातंतू. वॉर्डात बोलताना सरळ 'नर्व्ह' म्हणा, कन्नड असो मराठी असो, सगळ्यांना कळतं.

नाडी असून हात का मरतो

दंडाच्या आतल्या बाजूनं मोठी धमनी खाली येते, आणि तिच्या अंगाला अंग लावून मज्जातंतू येतात. कोपरात 'मीडियन' नावाचा मज्जातंतू धमनीच्या अगदी शेजारी, करंगळीकडच्या अंगाला असतो. काखेपासून कोपरापर्यंत या सगळ्यांवर एक चिवट पडदा गुंडाळलेला असतो. घराच्या भिंतीत एकाच केसिंगमधून पाण्याचा पाइप आणि विजेची वायर नेल्यासारखंच. पाइप थोडा पाझरला की पाणी जाणार कुठे? बाहेर सूज दिसायच्या आधी आत वायर दाबली जाते. म्हणूनच दंडात किंवा कोपरात सुई घातलेल्या पेशंटचा हात वरून बरा दिसत असताना आतून बिघडू शकतो.

आता दाबाचा हिशेब. धमनीतला वरचा दाब १२० च्या आसपास असतो. मज्जातंतूला रक्त पुरवणाऱ्या केसाएवढ्या वाहिन्यांतलं वाहणं मात्र बाहेरून २०-३० चा दाब पडला तरी मंदावतं, आणि ६०-८० ला थांबतंच. म्हणजे आतला दाब ७० झाला तर मज्जातंतू उपाशी आहे, पण धमनी त्या दाबाला ढकलून खुशाल वाहते आहे. मनगटात नाडी लागते. ऑक्सिमीटर ९८ दाखवतो. दोघेही खरंच बोलताहेत, फक्त आपण त्यांना भलताच प्रश्न विचारलाय. नाडी गेली तेव्हा धावाधाव करायची, असं ठरवलं तर फार उशीर झालेला असतो.

मनगटातून केलेल्या कामात सुईच्या जागी फारसा धोका नसतो. तिथली धमनी हाडावर टेकलेली असते, दाबून धरता येते. तिथे भीती वेगळी. आत सरकवलेली बारीक तार पुढे हाताच्या मध्यात एखाद्या फांदीला टोचते, आणि सुईची जागा दाबून धरणारा मनगटाचा पट्टा व्यवस्थित असताना चार इंच वर, मनगट-कोपराच्या मधल्या भागात रक्त साठत जातं. तिथले स्नायू आवळ कप्प्यांत बसलेले. कप्पा भरला की स्नायू आणि मज्जातंतू दोन्ही गुदमरतात. याला डॉक्टर 'कंपार्टमेंट सिंड्रोम' म्हणतात. सहा तासांच्या पुढे स्नायूंचं न भरून येणारं नुकसान सुरू होतं, त्यामुळे इथे दिवस मोजत बसता येत नाही.

प्रोसिजरच्या आदल्या दिवशी

दहा मिनिटांचं काम आहे आणि कुणीही करत नाही. पेशंटच्या दोन्ही हातांची चाचणी घ्या आणि मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. साखरेच्या पेशंटची बोटं आधीच बधिर असतात. विडी, शिवण, हातमाग अशी कामं केलेल्यांच्या मनगटात आधीचंच दुखणं असतं. नंतर "हे आधीपासूनच असेल" असं कुणी म्हटलं, तर आदल्या दिवशीचा व्हिडिओ उत्तर देतो. तारीख-वेळ फोन आपोआप टाकतो.

चाचणी चार हालचालींची.

पहिली, ठेंगा दाखवा. मूठ मिटून अंगठा ताठ वर. हे 'रेडियल' मज्जातंतूचं काम. (आजोबांना नातवाला ठेंगा दाखवायला सांगा, लगेच जमतं.)

दुसरी, तपकिरीची चिमूट. अंगठा आणि पहिल्या बोटाची टोकं जुळवून गोल. गोल नीट झाला पाहिजे. मावशींसारखी टोकं चपटी पडली तर मीडियनची एक महत्त्वाची फांदी काम करत नाही असं समजा.

तिसरी, तळहात आकाशाकडे करून हात टेबलावर पसरा आणि अंगठा सरळ छताकडे उचला. हीसुद्धा मीडियनची, पण तळहाताजवळची.

चौथी, करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या बेचक्यात दहाची नोट धरायला लावा आणि तुम्ही ओढा. नोट सहज सुटली तर 'अल्नर' मज्जातंतू काम करत नाही असं समजा.

मग स्पर्श. समईच्या वातीचा कापूस घ्या, पेशंटचे डोळे मिटवा, आणि तीन जागी हलका फिरवा: पहिल्या बोटाचं टोक, करंगळीचं टोक, आणि हाताच्या मागच्या बाजूला अंगठा-बोटाच्या मधली जागा. याच क्रमानं मीडियन, अल्नर, रेडियल. दोन्ही हातांना सारखं लागतं का, एवढंच विचारा. "लागतंय का?" विचारलं तर आपली माणसं भिडेखातर "हो" म्हणतात.

त्याच दिवशी डॉक्टरांना तीन गोष्टी आपणहून सांगा. रक्त पातळ करणाऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत. पेशंट कुठल्या हातानं काम करतो. आणि किडनी अशक्त आहे का, पुढे डायलिसिस लागेल असं कुणी म्हटलंय का. ही तिसरी फार महत्त्वाची, कारण मनगटातली जी धमनी अँजिओग्राफीला वापरतात तीच पुढे फिस्टुलाला (डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडतात तो) लागू शकते. एकदा वापरताना ती बंद पडली तर ती वाट गेली. किडनीच्या पेशंटच्या ज्या हातावर फिस्टुला करायचा, त्या हाताच्या शिरा जपायच्या असतात. तिथे उगाच सलाईन लावू देऊ नका.

पहिली रात्र

मनगटावर पारदर्शक प्लास्टिकचा, हवेनं फुगवलेला पट्टा असतो. त्यातली हवा टप्प्याटप्प्यानं काढतात. ते काम सिस्टरचं आहे. बोटं निळसर पडली, मुंग्या वाढल्या, तर बेल वाजवा, पण स्वतः पट्टा सोडवायला जाऊ नका. रक्ताची चिळकांडी उडते आणि मग त्याहून जास्त आवळावं लागतं.

काय चालतं? पट्ट्याखाली दाबल्यासारखं वाटणं, सुईच्या जागी नाण्याएवढा काळा-निळा डाग, हवा कमी झाली की कमी होणाऱ्या मुंग्या. इतकं चालतं.

पहिले सहा तास दर अर्ध्या तासानं आणि मग रात्रभर दर दोन तासांनी तीन गोष्टी बघा. बोटांच्या हालचाली, मनगट न वाकवता. वरच्या चारपैकी चिमूट आणि नोट तर पट्टा असतानाही होतात. तीन जागचा स्पर्श. आणि सूज. सुजेच्या कडेनं बॉलपेननं रेघ मारा आणि शेजारी वेळ लिहा. शिंप्याची टेप मिळाली तर उत्तम: कोपराच्या घडीपासून चार बोटं खाली दोन्ही हातांचा घेर मोजा, आणि दर वेळी तिथेच मोजा. 'थोडी सूज आहे' या वाक्यावर कुणी उठून येत नाही. 'नऊला २४ सेंटिमीटर होता, अकराला २६ झाला, आणि रेघ ओलांडून गेली' या वाक्यावर येतात. मी स्वतः पाहिलंय.

वेदनेची गोळी किंवा इंजेक्शन दिलं असेल तर वेळ लिहा. दुखणं थांबलं म्हणजे दाब उतरला असं नाही, गोळीनं झाकलंही असेल. म्हणून दुखण्यापेक्षा हालचालीवर जास्त विश्वास ठेवा.

केव्हा थांबायचं नाही

दिसतं त्यापेक्षा दुखणं कितीतरी जास्त, आणि गोळीला न जुमानणारं. मनगट-कोपराच्या मधला भाग कच्च्या कैरीसारखा टणक. बोटं मोकळी असताना दुसऱ्यानं हळूच मागे ताणली की हातात कळ उठते आणि पेशंट ओरडतो; कप्पा भरल्याची ही फार जुनी आणि भरवशाची खूण. मुंग्यांचं बधिरपणात रूपांतर. एखादी हालचाल जी संध्याकाळी होत होती ती आता होत नाही. सुईची जागा कोपर, दंड किंवा काख असेल तर यातली एकच पुरे, बाहेर सूज दिसो न दिसो. कोपर आणि दंडाच्या बाबतीत हे पहिल्या रात्रीच होईल असंही नाही. घरी गेल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही सुरू होऊ शकतं.

अशा वेळी हात हृदयाच्या पातळीवर ठेवा. नुसत्या साध्या सुजेला आपण हात उशीवर उंच ठेवतो ते बरोबर, पण कप्पा भरला असेल तर फार उंच धरल्यानं आत पोचणारं रक्त आणखी कमी होतं. गुंडाळलेलं बँडेज असेल तर ते सैल करायला सांगा. बांगड्या, घड्याळ, अंगठी काढा; अंगठी अडकली तर कापून काढतात, सोनाराची आठवण काढत बसू नका. पेशंटला खायला-प्यायला देऊ नका, कारण तासाभरात भूल द्यावी लागू शकते. शेक नाही, तेल नाही, चोळणं तर अजिबात नाही. आपल्याकडे हात जड झाला की चोळून देणारी माणसं घरातच असतात, तीही अशी जीव लावणारी की नाही म्हणवत नाही. म्हणा.

आणि एक. स्टेंट बसवला असेल तर ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल स्वतःच्या मनानं बंद करू नका. हात वाचवायला जाऊन स्टेंट बंद पडेल. ते ठरवणं डॉक्टरांचं.

वॉर्डात बोलायचं कसं? आपल्या भागात सिस्टरला मराठी कळतं, पण रात्रपाळीला धारवाड, बागलकोटकडची मुलगी असली तर अडतं. चार वाक्यं पाठ करून ठेवा. "कै जोमु हिडिदिदे" म्हणजे हात बधिर झालाय. "बेरळु अल्लाडतिल्ल" म्हणजे बोटं हलत नाहीत. "बावु हेच्चागिदे" म्हणजे सूज वाढलीय. "नोवु हेच्चागिदे" म्हणजे दुखणं वाढलंय. एवढ्यावर ती उठून येते. मोडकं कन्नड बोललात म्हणून कुणी हसत नाही, उलट जास्त आपुलकीनं बघतात. मग डॉक्टर आले की एवढंच सांगा: सुई कुठे घातली, किती वाजता, बधिरपणा कधी सुरू झाला, कुठली हालचाल गेली. आणि विचारा, "कंपार्टमेंट सिंड्रोम किंवा नर्व्हवर दाब असू शकतो का? डॉप्लर सोनोग्राफी आणि सर्जनचं मत घ्यायचं का?" हा उद्धटपणा नव्हे. केसपेपरवर वेळेसह नोंद करायला सांगा. नोंद झाली की गोष्ट पुढे सरकते.

घरी गेल्यावर झालं तर कुठे

निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव पाऊणशेच्या घरात. अथणी-कागवाडकडून मिरज जवळ. खानापूरहून बेळगाव अर्ध्या-पाऊण तासाचं. राज्याची हद्द इथे मनात आणू नका. रक्तवाहिन्यांचा सर्जन किंवा प्लास्टिक सर्जन आणि रात्रीचं ऑपरेशन थिएटर जिथे आहे तिथे जायचं. आधी फोन करून 'आत्ता सर्जन आहेत का' हे विचारा, कारण जवळचं हॉस्पिटल असून सर्जन नसला तर तिथून दुसरीकडे हलवण्यात दोन तास जातात. १०८ दोन्ही राज्यांत चालते. शक्य असेल तर जिथे प्रोसिजर झाली तिथेच आधी कळवा, त्यांच्याकडे काय केलं याची माहिती असते. डिस्चार्ज कार्ड, गोळ्यांची चिठ्ठी आणि अँजिओग्राफीची सीडी सोबत घ्या.

कणकुंबी-जांबोटीकडच्या गावचे पेशंट असतील तर, विशेषतः पावसाळ्यात, पहिली रात्र बेळगावात नातेवाइकाकडे काढा. घाटमाथ्यावरच्या पावसात रात्री दोनला गाडी शोधणं काय असतं हे तिकडच्या लोकांना मी सांगायला नको.

पैशांचं थोडक्यात. कर्नाटकात २०१८ पासून 'आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक' आहे; बीपीएल कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत, एपीएलला पॅकेजच्या ३० टक्के. ठरवून करायच्या मोठ्या उपचाराला सरकारी दवाखान्याची रेफरल चिठ्ठी लागते, आणीबाणीला ती अट नाही. महाराष्ट्र सरकारनं सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना जाहीर केलेली आहे. तुमच्या गावाला, तुमच्या कागदांवर, त्या हॉस्पिटलात काय लागू होतं हे तिथल्या आरोग्यमित्राच्या टेबलावर विचारा. पण पेशंट आत गेल्यावर विचारा. रांगेत उभं राहण्यासाठी ते सहा तास नाहीत.

डॉक्टर काय करतात

डॉप्लर सोनोग्राफीत रक्त साठलंय का, की धमनीच्या भिंतीला फुगा आलाय, हे कळतं. फुगा असेल तर प्रोबनं दाबून, औषध टोचून किंवा ऑपरेशननं बंद करतात. साठलेल्या रक्तानं मज्जातंतू दाबला गेला असेल तर चीर देऊन रक्त काढतात आणि पडदा मोकळा करतात. कप्प्यातला दाब सुईनं मोजता येतो. रक्तदाबाचा खालचा आकडा वजा कप्प्यातला दाब ३० किंवा त्याहून खाली आला तर कप्पा उघडावा लागतो. पण खुणा स्पष्ट असतील तर मोजण्यासाठी सर्जन थांबत नाही. जखम काही दिवस उघडी ठेवतात, ते पाहून नातेवाईक घाबरतात. मुद्दाम ठेवलेली असते, सूज उतरायला.

नर्व्हचा करंट टेस्ट, म्हणजे एनसीव्ही, पहिल्याच दिवशी करा असा हट्ट धरू नका. तुटलेल्या तंतूचा पुढचा भाग मरायला आठ-दहा दिवस जातात, तोवर टेस्ट पुष्कळदा फसवते; सुई टोचून स्नायूंची तपासणी तर तिसऱ्या आठवड्यानंतर खरं बोलू लागते. आणि ऑपरेशनचा निर्णय त्या टेस्टसाठी थांबवायचा नसतो.

फिस्टुलाच्या हाताची गोष्ट निराळी

डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडतात तो फिस्टुला. १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी ही पद्धत मांडली, आणि आजही तीच सगळ्यात भरवशाची. हात ठेवला की मांजर गुरगुरल्यासारखं लागतं. पण धमनीतलं रक्त आडवाटेनं शिरेत जायला लागल्यावर हातात चार वेगवेगळ्या गोष्टी बिघडू शकतात, आणि चारही पेशंट एकाच शब्दात सांगतो: "मुंग्या."

सगळ्यात घाईची आणि सगळ्यात फसवी ती पहिली. कोपरात फिस्टुला झाला, पेशंटला जुनी साखर आहे, आणि त्याच दिवशी, काही मिनिटांत-तासांत सगळा पंजा जळतो, बधिर होतो, बोटं ढिली पडतात. हात मात्र गरम. नाडी लागते. सूज नाही. इथे दाब नसतोच. मज्जातंतूंचं रक्त अचानक पळवलं गेलेलं असतं, कातडी आणि स्नायू तेवढ्यावर भागवतात, मज्जातंतू भागवू शकत नाहीत. डॉक्टर याला 'इस्केमिक मोनोमेलिक न्यूरोपथी' म्हणतात. फिस्टुला लगेच बंद करावा लागू शकतो, आणि हा निर्णय सगळ्यांना जड जातो, कारण तो फिस्टुला म्हणजेच पेशंटचा आधार. त्यात एक घोटाळा: काखेत भुलीचं इंजेक्शन देऊन फिस्टुला केला असेल तर 'अजून भूल उतरली नसेल' असं सगळेच म्हणतात. म्हणून थिएटरमधून बाहेर पडतानाच भुलीच्या डॉक्टरांना विचारा, "किती वाजेपर्यंत उतरेल?" तो आकडा केसपेपरमागे लिहा. त्याच्या पुढे बधिरपणा राहिला तर भुलीचं नाव घेऊ देऊ नका.

दुसरी, हात गार, फिका, डायलिसिसच्या वेळी जास्त दुखतो. ही रक्ताची चोरी, म्हणजे 'स्टील'. हळूहळू वाढते, बोटाला जखम झाली किंवा टोक काळं पडू लागलं तर थांबू नये.

तिसरी, डायलिसिसची सुई शिरेच्या बाहेर गेली आणि रक्त आत पसरलं, किंवा दर वेळी एकाच जागी टोचून तिथे धडधडणारा फुगा आला. फुगा मज्जातंतूवर बसतो. वरची कातडी चकाकायला लागली किंवा पातळ झाली तर त्याच दिवशी दाखवा, तो फुटू शकतो.

चौथी वर्षानुवर्षांची. खूप वर्षं डायलिसिस घेणाऱ्यांच्या शरीरात एक प्रथिन साठत जातं आणि मनगटाच्या बोगद्यात बसून मीडियनला दाबतं. रात्री मुंग्यांनी जाग येते, हात झटकला की बरं वाटतं, करंगळी मात्र शाबूत. याला घाई नाही. रात्री मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट, एनसीव्ही, आणि लागलंच तर छोटं ऑपरेशन.

आणि हो, डायलिसिसच्या खुर्चीत चार तास कोपर कडेवर टेकवून बसणारे करंगळीच्या मुंग्या घेऊन येतात. घरून जुना टॉवेल न्या आणि कोपराखाली घाला. इतका स्वस्त उपाय मला दुसरा माहीत नाही.

सलाईनच्या सुईनं

मनगटाच्या अंगठ्याकडच्या अंगाला एक जाड शीर दिसते. सलाईनला सोयीची, पण रेडियलच्या स्पर्शाच्या फांद्या तिच्या वरून-खालून जातात. सुई जाताना अंगठ्यापर्यंत करंट लागला तर "अक्का, काढा" म्हणा, लगेच. सोसून बसू नका. सीटी अँजिओग्राफीत रंगाचं औषध शिरेबाहेर जाऊन हात फुगला तर वरच्याच खुणा बघायच्या.

दाब सुटल्यावर

नुसता चेंगरलेला मज्जातंतू काही दिवसांत ते बारा आठवड्यांत जागा होतो. आतले तंतू तुटले असतील तर ते कोंब फुटल्यासारखे पुढे वाढतात, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत टेप लावून बघा, चाळीसेक सेंटिमीटर. म्हणजे वर्ष ओलांडून. "तीन महिने झाले, काही फरक नाही" म्हणून सोडून देणाऱ्यांना मी टेप काढून दाखवतो.

तोवर सांधे आखडू द्यायचे नाहीत. दिवसातून चार वेळा, दुसऱ्या हातानं प्रत्येक बोटाचं प्रत्येक पेर पूर्ण वाकवायचं, पूर्ण सरळ करायचं. अंगठा तळहाताला चिकटत जातो. रात्री अंगठ्याच्या बेचक्यात मऊ कापडाचा रोल बांधून ठेवा. मनगट खाली पडत असेल तर ते उचलून धरणारा स्प्लिंट. जळजळीला गॅबापेंटिन, प्रीगाबालिन देतात, पण किडनीच्या पेशंटला मात्रा कमी लागते. शेजाऱ्याची चिठ्ठी चालत नाही. बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं कमतरता असेल तरच. दाबलेला मज्जातंतू त्यानं सुटत नाही.

बधिर हात भाजतो, आणि भाजल्याचं कळत नाही. तव्यावरची भाकरी त्या हातानं उलटायची नाही. चहाचा पेला, आंघोळीचं पाणी, सगळं आधी चांगल्या हातानं. माझ्याकडे आलेल्या एका काकांच्या करंगळीवरचा फोड त्यांच्या सुनेनं आधी पाहिला.

स्पर्श परत येताना आधी विचित्र येतो: टोचल्यासारखा, करंट लागल्यासारखा. ते चांगलं लक्षण. मग बोटांना शिकवावं लागतं. परातीत तांदूळ घ्या, त्यात चिंचोके, बटण, नाणं, चावी लपवा, डोळे मिटून शोधायला लावा. मावशींना मी चिंचोके सांगितले, त्यांनी स्वतःहून तेंदूपानाचे तुकडे घेतले. ओलं कुठलं, सुकं कुठलं.

पाचव्या महिन्यात चिमूट गोल झाली. मुलानं आधीच्या कुठल्यातरी लग्नातला, मावशी सुपारी कातरतानाचा व्हिडिओ शोधून आणला होता, तो आणि आत्ताचा असे आम्ही शेजारी ठेवून पाहिले. पहिल्या बोटाचं टोक अजून जाड लागतं म्हणतात. दोरा त्या आता अंगठा आणि मधल्या बोटात धरतात, आणि ओलं-सुकं डाव्या हातानं बघतात.